पाळीखाली राहणारे उत्तमराव

सुनीताचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. "बाई, मामा गेले," एवढंच ती म्हणाली. मामा म्हणजे तिचे सासरे, उत्तमराव. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "पाणी कुठवर आलंय?" ...रेवा, नील, माणूस गेल्याचं कळल्यावर असं कोणी विचारत नाही. पण सुनीताला ते वावगं वाटलं नाही. "सांडव्याच्या हातभर खाली हाय. सकाळीच बघून आले होते ते. आले, चहा घेतला, जरा पडतो म्हणाले, अन् उठलेच न्हाईत." याला आता पाच आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहिते आहे, पण मनात वाचक म्हणून तुम्ही दोघंच आहात. उत्तमरावांबद्दल लिहायचं तर तुमच्यापासून लपवलेली एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती फोनवर सांगायचं धैर्य मला आजवर झालं नाही.

पुसेगावच्या अलीकडे आपल्या शेतात जे तळं आहे, ते तुमच्या पणजोबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ओढा अडवून बांधलं. सरकारी नाही, आपलं खासगी. त्यामुळे ते तपासायला कधी कोणी आलं नाही, आणि ते तपासायचं असतं हे आमच्याही कधी डोक्यात आलं नाही. पाणी अडवणारी मातीची लांब पाळ तुम्हाला आठवत असेल, तुम्ही तिच्यावर सायकल चालवायचात. तिच्या एका टोकाला सांडवा आहे, तळं भरलं की जादा पाणी त्या वाटेने निघून जातं. आणि पाळीच्या खाली, ओढ्याच्या काठाने, सोळा घरांची वस्ती आहे. उत्तमराव सिद्धेश्वरच्या धरणावर चौकीदार होते. निवृत्त झाल्यावर ते या वस्तीत मुलाकडे राहायला आले. मीही हिंगोलीच्या शाळेतलं इंग्रजी शिकवणं संपवून नुकतीच शेतावर राहायला आले होते. एक दिवस हे उंच, किडकिडीत गृहस्थ फाटकाशी येऊन उभे राहिले.

"बाई, तळं तुमचं हाय का?"

"हो. का?"

"काही न्हाई. पाणी तुमचं हाय, पण पाळ फुटली तर येनार आमच्या घरात. म्हून म्हटलं, मालक कोन हाय ते एकदा बघून घ्यावं."

मला तो माणूस आवडला नाही.

त्यानंतर ते रोज सकाळी आपल्या पाळीवर दिसू लागले. माझी परवानगी त्यांनी कधी मागितली नाही. पाळीच्या माथ्यावरून चालायचं सोडून ते पायथ्याने चालायचे, काठीने माती ठोकत, खेकड्याच्या बिळाशी वाकत. पायथ्याशी एक ओलसर जागा होती. तिथे झिरपणारं पाणी ते काचेच्या बाटलीत धरायचे आणि बाटली उन्हात ठेवून तळाशी गाळ बसतो का ते बघायचे. मी एकदा विचारलं, की झिरपतंय ते तर स्वच्छ पाणी आहे, मग एवढा संशय काहून? ते हसले. "बाई, परीक्षेत कॉपी धरायला तुमी पोराच्या तोंडाकडं बघायच्या का हाताकडं?" मी म्हटलं, हाताकडे. "मग! वर तळं कसं शांत बसून राहिलं बघा, हुशार पोरावानी. त्याचा हात इथं खाली हाय." स्वच्छ पाणी झिरपलं तर चालतं, गढूळ आलं तर ते पाळीची माती आतून घेऊन येतंय, हे त्यांनी मला त्या दिवशी शिकवलं. मी मात्र मनात म्हणत होते, या माणसाला नक्की काय हवंय?

ते लवकरच कळलं, असं मला वाटलं. घरात मूल जन्मलं की पाळीवर एक झाड लावायचं, ही आपल्या घरची रीत. सासऱ्यांनी सुरू केली, मी चालू ठेवली. रेवाचा कडुनिंब, नीलची जांभूळ. तुम्ही तिकडे दूर असलात तरी इथे तुमची वाढ मला डोळ्यांनी दिसायची. आणि उत्तमराव म्हणाले, पाळीवरची सगळी झाडं काढा, मुळांसकट. मुळं पाळीत शिरतात, कुजली की पोकळी होते, पाण्याला आयती वाट. त्याच सुमारास त्यांच्या मुलाने घर बांधायला काढलं होतं. चौकटींना, वाशांना लाकूड लागणारच... मी दोन आणि दोन चार केले. सुनीताच्या लेकराची चौकशी करायचं निमित्त काढून मी त्यांच्याकडे गेले, आणि निघताना घराच्या मागच्या बाजूने गेले. लाकडाचा ढीग होता, पण बाभळीचा, जळणाचा. तरी माझा संशय गेला नाही.

त्यांना खोटं पाडावं म्हणून मी हिंगोलीहून एका तरुण इंजिनिअरला बोलावलं. त्याने दिवसभर पाळ मोजली, सांडवा मोजला, मग वस्तीत जाऊन प्रत्येक घराचा उंबरा ओढ्यापासून किती उंच आहे ते पाहिलं. मी म्हटलं, तळ्याचं बघायला बोलावलं होतं, घरांचं नाही. तो म्हणाला, "आजी, दोन गोष्टी बघाव्या लागतात. पाळ फुटायची शक्यता किती, आणि फुटली तर खाली कोण आहे. खाली सोळा घरं आहेत, त्यामुळे मी या तळ्याला लहान म्हणणार नाही." अहवालात त्याने झाडांबद्दल उत्तमरावांचंच म्हणणं लिहिलं होतं, जरा शुद्ध भाषेत. मग मी बाकीची झाडं काढायला लावली. तुमची दोन ठेवली. दोनच तर होती! उत्तमराव भांडले नाहीत. जांभळीची एक बाजू वाळली होती, तिकडे त्यांनी काठी केली आणि एवढंच म्हणाले, "अर्धं झाड मेलंय बाई. म्हंजे अर्धी मुळं बी मेली." मला वाटलं, पाणी कमी पडलं असेल. मी जांभळीला जास्त पाणी घालायला लागले.

गेल्या वर्षी भादव्यात तीन दिवस पाऊस लागून राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तमराव थेट माझ्या ओसरीवर आले आणि बाटली समोर धरली. आतलं पाणी चहासारखं होतं. "तुमच्या नातवाच्या झाडाखालचं हाय. लोकं शाळेत हलवली. तुमाला इचारत बसलो न्हाई." मी छत्री न घेताच त्यांच्या मागे धावले. पायथ्याशी मनगटाएवढी धार उसळत होती. मी ओरडले, "मातीची पोती टाका, बंद करा ते!" तेव्हा ते माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचे खेकसले. "बंद करू नका! कोंडलं तर दुसरीकडून फोडंल. वाळू आना, वर खडी टाका. पानी येऊ द्या, माती येऊ देऊ नका." तळ्यातलं पाणी खाली सोडायचा जो नळ आहे, त्याची चावी दोन माणसांनी पूर्ण उघडली. बाकीचे घमेल्यांनी वाळू ओतत राहिले, त्यात सुनीता होती, आणि मीही होते. मी सारखी वस्तीकडे बघत होते. एका दारात घाईत राहून गेलेली लहान मुलाची चप्पल होती. ...दिवस मावळायच्या आत धार बारीक झाली, आणि बाटलीत धरलेलं पाणी नितळ आलं. पाळ टिकली.

पाणी उतरल्यावर, हिवाळ्यात, इंजिनिअरला उभं करून तुमची दोन्ही झाडं काढली. जांभळीच्या बुंध्याखाली खणलं तेव्हा कुजक्या मुळाच्या जागी एक पोकळी निघाली. उत्तमरावांनी आडवं होऊन तिच्यात हात घातला, तो खांद्यापर्यंत गेला. नंतर लाकूड भरलेली बैलगाडी त्यांच्या घरावरूनच गेली, तिथे थांबली नाही, आणि शेवटच्या फांदीपर्यंत सगळं माझ्या अंगणात उतरलं. "घ्या बाई, तुमचं लाकूड. माझ्या घरामागचं बघून गेल्या होत्या ना तुमी? आता पुन्यांदा तकलीफ नको." सगळे हसले. मीही हसले, पण मान वर करता आली नाही.

मुलांनो, हेच लपवलं होतं. होळीला तुम्ही "आजी, झाडं दाखव" म्हणालात तेव्हा मी फोन पाण्याकडे वळवला होता. ती जागा आता मातीने ठोकून भरली आहे आणि तिच्यावर नुसतं गवत आहे. आणखी एक गोष्ट लिहिते, ती मोठे झाल्यावर पुन्हा वाचा. हेच आपल्या भावकीतल्या कोणी सांगितलं असतं, तर मी त्याच्या घरामागे लाकूड बघायला गेले असते का? नसते गेले. उत्तमराव मातीवर संशय घेत होते, आणि मी त्या वस्तीतल्या माणसावर. त्यांच्या हयातीत मी हे त्यांना बोलले नाही. बोलायला हवं होतं.

आता पायथ्याने मी जाते. गेल्या आठवड्यात रात्रभर पाऊस झाला, म्हणून सकाळी सगळी पाळ बघितली, ओल तपासली, आणि वस्तीत जाऊन सुनीताला सांगितलं, "मी बघून आले. पाळ ठीक आहे." ती भांडी घासत होती. तिने हात धुतले, पदर खोचला.

"बराबर हाय बाई. तुमी बघितलं असंल," ती म्हणाली. "पन मी बी बघून येते."

ती पाळीकडे निघाली. जिथे ओल दिसेल तिथे वाकत, माती बोटांत चोळत ती पुढे जात होती. चांगला अर्धा तास गेला. तेवढा वेळ मी तिच्या अंगणात उभी होते, आणि ती येऊन काय सांगते याची वाट बघत होते.