तुम्ही उभ्या कुठं राहता?

गेली चार वर्षं माझ्या पोटाला एक डबी जोडलेली आहे. काडेपेटीपेक्षा मोठी, मोबाइलपेक्षा लहान. तिच्यातून बारीक नळी निघते आणि बेंबीशेजारी कातडीखाली जाते. दिवसभर थेंबथेंब इन्सुलिन सोडायचं आणि जेवणाआधी मी बटणं दाबून सांगेन तेवढं जास्तीचं द्यायचं, एवढंच तिचं काम. बाराव्या वर्षी मला साखरेचा आजार झाला. तेव्हापासून हा पंप येईपर्यंत तीस वर्षं मी दिवसाला चार-चार वेळा सुई टोचून घेतली. त्यामुळं या डबीचं कौतुक मला इतरांपेक्षा जास्त आहे, आणि तिच्यावरून मी जेवढी बोलणी खाल्ली तेवढी कुणी खाल्ली नसतील.

आजार साखरेचा आणि लग्न झालं गुऱ्हाळवाल्याच्या घरात. देवालाही कधीकधी चेष्टा करायची हुक्की येते. कागलच्या अलीकडं आमचं शेत आणि शेताच्या कडेला गुऱ्हाळ. दिवाळी झाली की उसाच्या मोळ्या येतात, चरक सुरू होतो आणि भल्यामोठ्या काहिलीत रस उकळायला लागतो. गूळ कधी उतरायचा ते ठरवायला पगारी गुळव्या असतो, पण रसावर येणारी मळी झाऱ्यानं काढायला घरचं माणूस लागतं. ते काम मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी हातात घेतलं. मळी नीट निघाली तरच गूळ पिवळाधमक होतो. आमच्या गुळाचा रंग माझ्यामुळं आहे, असं मी म्हणत नाही, लोक म्हणतात. मी फक्त नाही म्हणत नाही.

पंप बसवला तो पावसाळ्यात, एका मोठ्या गावच्या दवाखान्यात. चार महिने साखर अशी शहाण्यासारखी वागली की मीच घाबरले. मग हंगाम लागला आणि सगळं बिनसलं. सकाळी एकशे वीस, दुपारी साडेतीनशे. एकदा चारशे तीस झाली, ओकाऱ्या सुरू झाल्या आणि मला झारा टाकून तिथंच उसाच्या चिपाडांवर बसावं लागलं.

आता गुऱ्हाळात उभ्या असलेल्या बाईची साखर चारशे तीस झाली, तर जग काय म्हणणार? जगानं तेच म्हटलं. सुरुवात आत्यांनी केली. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

"मशिन आल्यापास्नं तुझी जीभ सुटलीया," त्या म्हणाल्या. "सुया हुत्या तवा भ्या तरी हुतं."

"आत्या, मी गूळ खाल्लेला नाही."

"मग मी खाल्ला व्हय?"

आमचे हे भांडत नाहीत. त्यांनी काकवीचा डबा गुपचूप उचलून वरच्या फळीवर ठेवला. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. वीस वर्षं ज्या बाईबरोबर संसार केला, तिच्यापासून डबा लपवायचा!

तालुक्याच्या ज्या डॉक्टरांकडं मी जात होते, त्यांनी तर माझा रिपोर्ट टेबलावर फेकला. म्हणाले, गुऱ्हाळात राहता आणि गूळ खात नाही म्हणता, मी काय काल जन्मलो का? मी म्हटलं, "मिठाच्या दुकानात बसणारा मीठ चघळत बसतो का?" त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. मीही दार जरा जोरात लावलं. माझ्या तोंडाला आत्या मिरचीकांडप म्हणतात, ते उगाच नाही.

त्यातल्या त्यात दया दाखवली ती आमच्या गुळव्यानं. तो म्हणाला, "वैनी, तुमी खाल्ला न्हाई, पर वाफेतनं जातंय की पोटात. दिसभर गोड वाफ घेताय. आमच्या आज्ज्याला बी असंच झालतं." हसू नका, मला ते पटलं. आत्यांनाही पटलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ओला पंचा माझ्या नाकातोंडावर बांधायला सुरुवात केली. जवळजवळ दोन महिने मी दरोडेखोरासारखी तोंड बांधून मळी काढली. घाम पंचात, पंचा तोंडात, आणि साखर होती तिथंच.

शेवटी घरात ठरलं की मी गुऱ्हाळात यायचंच नाही. मळीला दुसरं माणूस मिळेपर्यंतच तिथं उभं राहायचं. प्रेमापोटीच ठरवलं, हे मला कळत होतं. पण त्याचा अर्थ सगळ्या गावानं एकच लावला असता: सून चोरून गूळ खात होती, म्हणून घरात बसवली. खोटारडी म्हणून घरात बसायची माझी तयारी नव्हती. आजारापेक्षा मला त्या शब्दाची भीती वाटत होती.

औषधाच्या दुकानात पंपाचं सामान घ्यायला गेले होते, तिथं पंप लावलेल्या एका मुलीच्या आईनं कोल्हापुरातल्या एका डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं. म्हणाली, "त्या ओरडत न्हाईत." तेवढ्यावर मी गेले. जाताना मनात भांडण तयार करून गेले होते. त्या काय म्हणतील आणि मी काय म्हणेन, सगळं एसटीत पाठ केलं होतं.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, बारीक, चष्म्याची दोरी गळ्यात. त्यांनी जुने कागद सावकाश पाहिले आणि विचारलं, "गूळ खाता?"

"नाही. चिमूटभर सुद्धा नाही."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि लिहून घेतलं. "मग कारण दुसरं असणार. शोधू या."

मी पाठ केलेलं सगळं भांडण वाया गेलं. इतक्या महिन्यांत "बरं" म्हणणारं पहिलं माणूस भेटलं होतं. मी रडले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि मी थांबेपर्यंत दुसरं काही वाचत बसल्या.

मग त्यांनी मला एक वही करायला सांगितली. म्हटलं, खाल्लेलं लिहायचं ना? तर म्हणाल्या, "खाल्लेलं लिहाच, पण त्याच्याशेजारी आणखी एक लिहा. प्रत्येक वेळी साखर तपासाल तेव्हा, त्याआधी तुम्ही उभ्या कुठं होता?" तीस वर्षांत मला हजार जणांनी काय खाल्लं ते विचारलं होतं. कुठं उभी होतीस, हे कुणी विचारलं नव्हतं.

पंधरा दिवस लिहिलं. आणि त्या वहीनंच मला अडचणीत आणलं. एकदा, खरं तर दोनदा, मी उलथण्याला लागलेली काकवी बोटानं चाटली होती. त्या आधीच्या डॉक्टरांपुढं मी हे मेले तरी सांगितलं नसतं. पण या बाईंनी माझ्या शब्दावर "बरं" लिहून घेतलं होतं. ते कागदावर माझ्या नावापुढं होतं, आणि ते मला रात्री टोचायला लागलं. पुढच्या भेटीला मी खाली मान घालून सांगून टाकलं.

त्या हसल्या. "दोन बोटांनी चारशे होत नाही हो. वहीत लिहिलंत का?"

"लिहिलं."

"मग झालं. आणि ऐका, गूळ तुम्हाला कायमचा बंद आहे असं मी कधी म्हटलं? पंप आहे तुमच्याकडं. खायचा तर त्याला आधी सांगून, मोजका खा."

वहीत एक गोष्ट चक्क दिसत होती. ज्या दिवशी ऊस आला नाही आणि काहील पेटली नाही, त्या दिवशी मी तीच भाकरी, तीच आमटी खाऊन एकशे चाळीसवर होते. काहिलीपाशी उभी राहिले की दुपारपर्यंत साखरेची गाडी घाट चढलेली. डॉक्टरबाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "रविवारी मीच येते. मला ती जागा बघायचीय."

आल्या. आत्यांनी त्यांच्यासाठी ताज्या उसाचा रस काढून ठेवला होता, पण त्या चपला काढून सरळ काहिलीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही रोज उभ्या राहता तिथं मला उभं करा." मी जागा दाखवली. काहिलीखालच्या चुलवाणाच्या तोंडापासून दोन हातांवर, काहिलीचा काठ कमरेच्या उंचीला येईल अशी. त्या पाच मिनिटं उभ्या राहिल्या. चष्म्यावर वाफ धरली, कपाळावरून घामाच्या धारा लागल्या, तरी हलल्या नाहीत. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझ्या कमरेच्या डबीला हात लावला. पंप मी परकराच्या नाडीत पुढच्या बाजूला खोचायचे, बटणं दिसावीत म्हणून.

"अहो, तापलाय हा!" त्या म्हणाल्या. "गूळ तुम्ही खात नाही. तुम्ही इन्सुलिन शिजवताय."

इन्सुलिन उष्णतेनं निकामी होतं. सुयांच्या दिवसांत ते घरी फ्रिजमध्ये असायचं, म्हणून तेव्हाचे हंगाम सुखाचे गेले. पंप आल्यापासून ते सगळं औषध मी रोज काहिलीपाशी तापवत होते आणि आतलं पाणी झालेलं औषध थेंबथेंब पोटात घेत होते. कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. आम्ही सगळे माझ्या तोंडाकडं बघत होतो, पंचा सुद्धा तिथंच बांधला होता.

डॉक्टरबाईंनी उपाय सांगितले. पंप पाठीकडं, जाड सुती पिशवीत ठेवायचा. आतलं इन्सुलिन हंगामात तीन दिवस न ठेवता रोज बदलायचं. मळी काढून झाली की लगेच बाहेर लिंबाखाली यायचं. शेवटी म्हणाल्या, "आणि गुऱ्हाळ सोडायचं कारण नाही." हे त्या माझ्याकडं बघून बोलल्या नाहीत, आत्यांकडं बघून बोलल्या.

माफी मागणं आमच्या घरात कुणाला येत नाही, मलाही नाही. संध्याकाळी आत्यांनी ढेपेच्या साच्यात अंथरायचं पांढरं कापड घेतलं, चार पदरी घडी घातली आणि दाभणासारख्या जाड टाक्यांनी पिशवी शिवली. दोन्ही बाजूंना नाड्या. माझ्या पाठीला बांधताना गाठ इतकी आवळली की श्वास अडकला. ह्यांनी काकवीचा डबा फळीवरून काढून पूर्वीच्या जागी ठेवला, तोही गुपचूपच.

त्या हंगामाचे उरलेले दिवस माझी साखर माझ्या ऐकण्यात राहिली. डॉक्टरबाईंकडं मी अजून जाते. वही नेते, कधी चुकलेलं असतं, तेही लिहिलेलं असतं. त्यांचे उपकार कसे फेडायचे ते मला कळत नाही. पहिल्या गुळाची ढेप नेली तर त्यांनी दवाखान्यातल्या सगळ्यांना वाटून टाकली.

परवा या हंगामातली पहिली ढेप साच्यातून निघाली. शेजारच्या दोघी-तिघी उभ्या होत्या. आत्यांनी कोपऱ्याचा गरम खडा मोडला आणि सगळ्यांसमोर माझ्या हातावर ठेवला. मी लिंबाखाली गेले, पिशवीतून पंप काढला, आकडा घातला, बटण दाबलं, सांगितला तेवढा वेळ थांबले. मग खाल्ला. लपून चाटलेल्या काकवीची चव मला कधी लागलीच नव्हती, एवढं तेव्हा समजलं.

"अगं बया, हिला चालतंय व्हय?" शेजारीण म्हणाली. "चोरून खाती असं ऐकलंतं."

आत्यांनी हातातला चाकू खाली ठेवला.

"कुणी सांगितलं तुला?" त्या म्हणाल्या. "त्यानं खोटं सांगितलं. माझी सून मशिनला सांगून खाती, वहीत लिवून खाती. न्हाई खाल्ला म्हणाली की न्हाई खाल्ला. मी सांगते."