मायनं दिलेली साक्ष

साक्री तालुक्यातल्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं पाच-सहाच. रविवारची सभा पत्र्याच्या एका खोलीत भरते. गाणी झाली की पाळक विचारतात, "कोणाची साक्ष आहे का?" साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं, ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. माझी माय कधी उभी राहत नसे. ती चौथी शिकलेली, चारचौघांत बोलायला लाजते. ती पहिल्यांदा उभी राहिली ती माझ्यासाठी. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षात पास झाले म्हणून.

मी पास झाले नव्हते.

गणित आणि फिजिक्स, असे दोन विषय राहिले होते. राहिलेले विषय नंतर देता येतात, तोवर पुढच्या वर्षात बसू देतात. म्हणून जळगावच्या होस्टेलवरून मी फोनवर म्हणाले, "माय, मी दुसऱ्या वर्षाला गेले." एवढं खरं होतं. तिनं आमच्या अहिराणीत विचारलं, "पास व्हयनी ना?" मी "हो" म्हणाले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलेलं नाही, त्यामुळे यापुढचं विचारणारं कोणी नव्हतं. रविवारी माय सभेत उभी राहिली, रडली, सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले. संध्याकाळी तिनं हे मला सांगितलं, तेव्हा मी होस्टेलच्या जिन्यात बसून ऐकत होते. तेव्हाच सांगता आलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले नाही. क्लास आहेत म्हणाले. क्लास नव्हते. एकदा तर पिशवी भरून स्टँडवर गेले, गावाकडे नेणाऱ्या धुळ्याच्या गाडीचा कंडक्टर "धुळे, धुळे" ओरडत होता, दोन जागाही रिकाम्या होत्या. तिथूनच परत फिरले. घरची आठवण यायची, पण घर आठवलं की लगेच ती साक्ष आठवायची.

प्रार्थना मी रोज करत होते. "प्रभू, मला पास कर. मायला कळू देऊ नको." पुन्हा तेच, पुन्हा तेच. आता वाटतं, ती बहुतेक प्रार्थना नव्हतीच. डोळे मिटून केलेली काळजी होती.

मायची प्रार्थना अशी नसते. संध्याकाळी जेवणाआधी ती आधी उपकार मानते, मग आजारी माणसं, मग बाहेरगावी गेलेली, मग शेजारीपाजारी, त्यांची गुरंसुद्धा. आमच्या घराचं सगळ्यात शेवटी. लहानपणी मला भूक लागलेली असायची. एकदा मी कुरकुरले, "शेजारच्या म्हशीला किती वेळ लावतेस?" तर माय म्हणाली, "ती गाभण शे, तरी तिले घाई नही. तुले कसानी घाई?"

माझी रूममेट फैजपूरकडची, केळीच्या बागा असलेल्या हिंदू घरातली. मी डोळे मिटले की ती विचारायची, "लागली का देवाची लाईन?" पण एका दुपारी ती माझ्या कॉटवर येऊन बसली.

"ऐक ना. उद्या पप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्यांचा एकच डोळा धड आहे, त्याचंच. तू ते करतेस ना, त्यात आमच्या पप्पांनाही घाल."

"आत्ता?"

"मग काय, मुहूर्त लागतो का तुमच्यात?"

मी मोठ्यानं सुरुवात केली, कारण तिला ऐकायचं होतं. आधी तिचे पप्पा. मग डॉक्टरांचे हात. मग थांबताच येईना. मेसच्या मावशींचा गुडघा आला, गावातली बाळंतीण आली, उसाच्या तोडणीला गेलेले काका-काकू आले. किती महिन्यांत ही माणसं माझ्या डोळ्यांसमोर आली नव्हती! माझ्यापर्यंत पोचले तेव्हा माझे दोन विषय दोन विषयच होते. अवघड होते, पण अभ्यास करण्यासारखे. "मायला कळू देऊ नको" हे मात्र तोंडातून निघेना. शेजारी कोणी बसलेलं असताना असलं मागणं कसं मागायचं? मी गप्प झाले. रूममेटनं एक डोळा उघडून विचारलं, "संपलं?"

त्याच संध्याकाळी मी मायला फोनवर सगळं सांगितलं. पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मंग मनी साक्ष खोटी व्हयनी," ती म्हणाली. एवढंच.

दोन दिवस ती फोनवर आली नाही. वडील म्हणायचे, शेतात गेली आहे. रात्री सात वाजता कोण शेतात असतं? मी दोन्ही दिवस विचारलं, त्यांनी दोन्ही दिवस तेच सांगितलं.

रविवारी सकाळी फोन वाजला. पलीकडे खोकला, लहान मुलांची कुजबुज, पत्र्यावर चाललेला कावळा. सभा होती. तिनं फोन स्पीकरवर टाकला असावा. मग मायचा आवाज आला, बारीक, अडखळत.

"मी मांगे साक्ष दिन्ही व्हती, ती चुकनी. मनी पोर दोन विषयमा नापास शे. पन तिनी सोताच सांगं, म्हनीसन देवना उपकार."

मला बसवेना, उभंही राहवेना.

मग मागून एक म्हातारे आबा म्हणाले, "दोनच ना? मना नातू चारमा शे. तो तर सांगतबी नही!"

खोली हसली. "आबा, साक्ष चालू आहे," पाळक म्हणाले, पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं. माय हसली की नाही, ते कळलं नाही. मग सगळे एकदम मोठ्यानं प्रार्थना करायला लागले, आमच्याकडे करतात तशी, प्रत्येकजण आपापल्या शब्दांत. मी फोन कानाशी दाबून त्या आवाजांतून मायचा आवाज वेगळा काढायला बघत होते. नाही निघाला. मध्येच फोन बंद पडला.

परीक्षा अजून व्हायची आहे आणि पुन्हा नापास होण्याची भीती आहेच. पण फोन बंद झाल्यावर मला घरी जावंसं वाटलं, इतकं की मी चप्पल घालून फाटकापर्यंत आले. कितीतरी महिन्यांनी ते नुसतंच घरी जावंसं वाटणं होतं, त्यामागोमाग ती साक्ष आठवली नाही.