वाघमोडे ड्रायव्हरचा डावा दरवाजा

वाघमोडे आप्पा गाडी चालवताना समोर जे दिसेल ते मोठ्यानं सांगायचे. "पुढं म्हैस." "डावीकडं टेम्पो." "पुढं माणूस, फोनवर हाय." आणि एवढं बोलून झालं की मान जराशी डावीकडं कलती करून घटकाभर थांबायचे, कुणीतरी हुंकार देणार असल्यासारखे. पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा गाडीत एकटेच होते. पांढरी ॲम्बेसिडर नगर रस्ता सोडून दुकानापुढच्या मोकळ्या जागेत वळली आणि उघड्या काचेतून आवाज आला, "पुढं कुत्रं." कुत्रं उठून बाजूला गेलं. मी मनात म्हटलं, झालं, आज बोहनीलाच हे गिऱ्हाईक.

शिरूरला माझं गाड्यांच्या कुशनचं दुकान आहे. सीट कव्हर आणि मॅटिंग ही रोजची कामं, जुन्या गाड्यांचं काम मात्र मी हौसेनं घेतो. जुन्या गाडीत बसणं म्हणजे पत्र्याच्या डब्यात बसणं. खालून गिअरबॉक्सचा ताप, वरून उन्हानं तापलेलं छत आणि चारी बाजूंनी खडखड. आम्ही काय करतो, तर आतलं सगळं उचकटतो, गंज घासून काढतो आणि उघड्या पत्र्याला रबरासारखं जड काळं डांबरी शीट रोलरनं दाबून चिकटवतो. त्यानं पत्र्याची थरथर थांबते. त्यावर चंदेरी फोमचा थर दिला की ताप अडतो. मग आतल्या माणसाला घरच्या आवाजात बोलता येतं.

आप्पा उंच, ताठ, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणारे. दौंडला मालगाडीचे ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. वरवंडकडे भावकीची जमीन होती, पण ते रेल्वेचेच राहिले. सांगायचे, "आमचं आजं मेंढरामागं हिंडलं, बाप शेतात रुतला आन् मी इंजनात बसलो. पायाची भिंगरी काय सुटली न्हाई." पहिल्या दिवशी मात्र एवढंही बोलले नाहीत. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले की गाडीतलं ऊन आणि आवाज, दोन्ही बाहेर काढायचं. घरी माणूस आजारी आहे, पुण्याला दवाखान्यात न्यावं लागतं, त्याला उकाडा सोसत नाही आणि खडखडीनं डोकं उठतं. कोण माणूस ते सांगितलं नाही. मला वाटलं म्हातारी आई असेल, नाहीतर भाऊ.

काम चालू होतं तेवढे दिवस आप्पा दौंडहून एसटीनं यायचे आणि स्टुलावर बसून बघायचे. मला कामात कुणी मानेवर बसलेलं खपत नाही, पण ते बसायचे गप्प, त्यामुळे भांडायलाही काही सापडेना. एकदा मीच विचारलं, आप्पा, तुम्ही रस्त्यावरचं असं मोठ्यानं का सांगता? तेव्हा म्हणाले, "इंजनात आम्ही दोघं असायचो. सिग्नल दिसला की एकानं त्याचं नाव घ्यायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं. मुंडी हलवून भागत न्हाई. एकट्याचं बघणं म्हंजी निम्मं बघणं." त्या दिवशी गाडीत तर एकटेच होतात, मग कुणाला सांगत होतात, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण म्हाताऱ्या माणसाची सवय, कशाला उकरून काढा.

काम झकास झालं, हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगितलं नाही. फरशी, छत, इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा, चारी दरवाजे, काही सोडलं नाही. या गाडीच्या दरवाजाला आतून पॅड असतं, पण पॅडच्या वर, काचेच्या खाली, चार बोटं रुंद पत्र्याची पट्टी उघडीच राहते. तीही मी खाली फोम देऊन रेक्झिननं मढवली. आप्पांनी सांगितलं नव्हतं, ते माझ्या पदरचं. दरवाजा लावला की पूर्वी डबा आपटल्यासारखा आवाज व्हायचा, आता नुसतं 'धप'. आप्पांनी दोनतीनदा दरवाजा उघडून लावून पाहिला, हात जोडले आणि गाडी घेऊन गेले.

आठ-दहा दिवसांत गाडी परत दारात. आप्पा उतरले आणि म्हणाले, "काढा."

मला वाटलं शीट सुटलं, नाहीतर उन्हानं डांबराचा वास यायला लागला. तसं काही नव्हतं. काम चांगलं आहे म्हणाले. आत ऊन लागत नाही, माणूस निवांत असतं. मग काढायचं काय? तर आवाज परत पाहिजे. ऊन नको पण आवाज पाहिजे. माझं डोकंच फिरलं. अहो आप्पा, म्हटलं, उन्हाळाभर लोक माझ्या मागं लागतात आवाज घालवा म्हणून आणि तुम्ही तो परत मागताय. बरं, कुठला आवाज? इंजिनचा? चाकांचा? आप्पा खाली बघत राहिले. सांगावंसं वाटतंय पण घरची गोष्ट दुकानात कशी काढायची, असा चेहरा. माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं की माझा राग लवकर जात नाही. मी सरळ सांगितलं, ज्यांच्यासाठी केलं त्यांना गाडीत घेऊन या, एक चक्कर मारू, मग ठरवू.

दोन दिवसांनी सकाळच्या गारव्यात आले. डाव्या सीटवर एक बाई बसल्या होत्या. कपाळावर मोठं कुंकू, उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड जरासं वाकडं. आप्पांनी ओळख करून दिली नाही, पण त्यांच्या खांद्यावरचा पदर ज्या सवयीच्या हातानं सारखा केला त्यावरून मला कळलं की ते 'माणूस' म्हणजे आप्पांची बायको, काकू. अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. उजवी बाजू गेली होती आणि बोलणं पार गेलं होतं.

मी मागं बसलो. न्हावरे रस्त्याला लागलो. गाडी माझ्या कानाला गोड लागत होती, मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. आप्पांचं चालूच होतं. "पुढं सायकल." मान डावीकडं. "पुढं पूल." मान डावीकडं, आणि आता तर पूर्ण वळून काकूंकडं बघणं. मी म्हणणार होतो की आप्पा, समोर बघा. तेवढ्यात "पुढं फाटा" म्हणून ते पुन्हा वळले आणि डावीकडच्या बांधावरून कांद्याची ट्रॉली सरळ रस्त्यावर आली. आप्पांनी ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली. ट्रॉलीवाला शिव्या देत निघून गेला. कुणाला काही झालं नाही.

काकू मात्र डाव्या हाताच्या मुठीनं दरवाजावर मारत होत्या. मी मढवलेल्या त्या पट्टीवर. मारत होत्या, मारत होत्या, आणि आवाज म्हणून येत नव्हता. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. ट्रॉली त्यांना आधी दिसली होती. त्यांनी सांगितलं होतं, आप्पांना ऐकू आलं नव्हतं.

आप्पांनी गाडी बाभळीखाली घेतली आणि मग बोलले. लग्न झाल्यापासून त्यांची ही रस्ता सांगायची सवय. काकू पूर्वी वैतागायच्या, दिसतंय मला, आंधळी न्हाई मी, म्हणायच्या. मग झटका आला आणि तेही गेलं. "दवाखान्यातनं आणली तवा भिंतीकडं तोंड करून पडायची. लई दिवस. मग एकदा पुण्याला नेताना मी आपला सवयीनं म्हणलो, पुढं ट्रक. तर हिनं बोटानं दारावर टक केलं." आप्पांनी स्टिअरिंगवर बोट वाजवून दाखवलं. "तवापासनं आमचं असं हाय. एक वाजवली की रस्ता मोकळा. दोन वाजवल्या की थांब. घरात काय बोलत न्हाई ही. गाडीतच बोलती."

 गेल्या दोन दिवसांत या माणसाला मी मनात काय काय म्हटलं होतं ते आठवलं आणि लाज वाटली.  बाईची राहिलेली वाचा मी हौसेनं रेक्झिनखाली गाडली होती आणि वर स्वतःची पाठ थोपटत होतो.

दुकानात आल्यावर दुसरं काम हातात धरलं नाही. डाव्या दरवाजाची पट्टी सोलली. तेवढ्यानं भागेना, आतल्या शीटनं पत्रा जड झाला होता, टिचकी मारली तरी ठस्स. मग पॅड उतरवून आतलं शीट खरवडून काढलं. पेट्रोलचा बोळा आणि खरवडायची पत्री, नखं काळी झाली. त्या बाजूचं ऊन अडवायला काचेला पडदा लावला आणि बाकी गाडी होती तशी ठेवली. म्हणजे तीन दरवाजे गप आणि एक बोलका. असलं काम मी जन्मात केलं नव्हतं. काकूंना परत सीटवर बसवलं. आप्पा स्टिअरिंगवर बसले, समोर बघत म्हणाले, "पुढं दुकान."

टक.

इंजिन चालू होतं, पंखा चालू होता, तरी त्या शांत गाडीत ती टिचकी घंटेसारखी ऐकू आली. पूर्वीपेक्षा स्पष्ट. आप्पा काचेतून माझ्या शटरकडं बघत होते. मग म्हणाले, "आता हाय ती गाडीत."

त्यानंतर पुण्याला जाता-येता ते वाट वाकडी करून यायचे. मी चहा सांगायचो. काकू खाली उतरत नसत, मी कप काचेतून द्यायचो. एक घोट घेऊन टक केलं की चहा जमला. टक टक केलं की साखर कमी. एकदा आप्पा मला सांगत होते की ते घरात कसं सगळं स्वतः करतात, भांडी, धुणं, भाकरीसुद्धा. भाकरीचं नाव निघालं आणि गाडीतून टक टक. आप्पा म्हणाले, "सिग्नल पडला, थांबतो." माझ्या दुकानात एवढं हसणं त्या आधी झालं नव्हतं.

काकू गेल्या त्या दिवाळीच्या आधी. मला उशिरा कळलं. भेटायला दौंडला जायचं म्हणत होतो, सिझनच्या कामात राहून गेलं, आणि एका दुपारी ॲम्बेसिडरच दारात आली. गाडी वळली. समोर तेच कुत्रं पसरलं होतं. काचेतून काहीच आवाज आला नाही. आप्पांनी गाडी थांबवली, हॉर्नही दिला नाही, कुत्रं उठेपर्यंत बसून राहिले.

उतरले, खुर्चीवर बसले, पाणी प्याले. मग म्हणाले, तो डावा दरवाजा भरून टाका.

मला समजेना. म्हणजे काम समजलं, माणूस समजेना. मला वाटलं होतं ते त्या दाराला आता कुणाला हातसुद्धा लावू देणार नाहीत. आज दुःखाच्या भरात भरून घेतील आणि चार महिन्यांनी परत येतील, काढा म्हणून, असंही वाटलं. हो म्हणावं की नाही म्हणावं? वेळ काढायला म्हटलं, आधी एक चक्कर मारू, बाकीचं शीट कसं टिकलंय ते बघतो. मागच्या सीटवर सामानाची खोकी होती, म्हणून मी डावीकडं बसलो. बसल्यावर कुठं बसलो ते लक्षात आलं.

आप्पा गप्प चालवत होते. रस्त्यावर खड्डा आला की डावा दरवाजा खडखडायचा, आणि खडखडला की आप्पा पटकन डावीकडं बघायचे. परत समोर. परत खड्डा, परत डावीकडं. बाभळीच्या अलीकडं त्यांच्या तोंडून सवयीनं निघालं, "पुढं फाटा."

माझ्या बोटानं टक केलं. मी ठरवून केलं नाही. कुणीतरी काही म्हटलं आणि उत्तर म्हणून काहीच गेलं नाही, हे मला सोसलं नाही.

आप्पांनी गाडी कडेला घेतली. रागावले नाहीत. हात स्टिअरिंगवरच होते.

"तुम्ही नका," ते म्हणाले.

मग समोर बघतच, "तिच्यामागं दार रिकामंच वाजतं. वाजलं की मी बघतो. दर टायमाला बघतो. कवातरी असाच कुणाच्या लेकराच्या अंगावर घालीन. इंजनात चाळीस डब्यांचा भार वढला, कुणाला धक्का लावला न्हाई. आता भरा ते."

मी भरलं. शीट लावलं, फोम लावला, पट्टी रेक्झिननं मढवली. पहिल्या वेळी केली होती तशीच. आप्पा स्टुलावर बसून होते. शेवटी रोलर खाली ठेवला तेव्हा ते उठले, दाराजवळ गेले, बोट वाकवून पट्टीवर एकदा मारलं. काही वाजलं नाही. मान हलवली आणि गाडीत बसले.

बरोबर केलं की चूक, मला अजून सांगता येत नाही. नगर रस्त्याला त्या वेळी वाहनं फार, म्हणून मी गाडी काढून द्यायला रस्त्यापर्यंत गेलो. आप्पांची काच उघडी होती. ते उजवीकडं बघत म्हणाले, "उजवीकडं ट्रक." मान डावीकडं कलली, घटकाभर थांबली. ट्रक निघून गेला. मग त्यांनीच हळू आवाजात म्हटलं, "मोकळं," आणि गाडी रस्त्याला घेतली.