ट्रंकेतली डाळिंबं

तीन वर्षांपूर्वी फौजेतला माझा भाऊ सुट्टीवर आला, तेव्हा जतजवळच्या आमच्या माळावर त्यानं स्वतः खड्डे काढून डाळिंबं लावली. यंदा पहिल्यांदा फळ धरलं. माल व्यापाऱ्यानं नेला, पण आईनं निवडून तीस डाळिंबं मागं ठेवली. लावणाऱ्यानं खाल्ल्याशिवाय घरात कुणी दाणा तोंडात घालायचा नाही, असा तिचा हुकूम. भावाची सुट्टी आठवड्यावर आली होती, म्हणून कुणी हूं की चूं केलं नाही.

सुट्टी लांबणीवर पडली. एकदा नव्हे, दोनदा. उंदरांच्या भीतीनं आईनं फळं धुऊन, चकचकीत करून भावाच्या जुन्या लोखंडी ट्रंकेत भरली आणि कुलूप घातलं. पंधरा दिवसांनी वास यायला लागला म्हणून मी ट्रंक उघडली. फळांच्या टोकाच्या तुऱ्यांत करडी बुरशी, आणि तळातल्या फळांत बोट सरळ आत जात होतं.

माझी जीभ आधीच तिखट. "ओली फळं कोंडून ठेवतंय व्हय कुणी? एवढी अक्कल न्हाई?" असं फाडफाड बोलले. आई गप्प बसली. ती गप्प बसणारी बाई नव्हे. "माझा हात लागला की नासतंय," एवढंच म्हणाली आणि फळांकडं फिरकेनाशी झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी व्यापाऱ्याला फोन लावला. "ताई, तुऱ्यात पानी ऱ्हातंय, तितनंच बुरशी आत शिरती," तो म्हणाला. "नासकी लांब न्हेऊन पुरा. बाकीची कोरडी पुसा, एकमेकाला चिकटू देऊ नका. वारा लागला पायजे."

तसंच केलं. सोप्यातल्या खाटेवर फळं सुटी सुटी मांडली. रोज प्रत्येक फळ हातात घेऊन बघायचं, मऊ लागलं की बाहेर. हळूहळू नासणं थांबलं. नऊ उरली.

अखेर भाऊ आला. वरून चांगलं आणि आतून काळं निघालं तर, म्हणून मी कापायला धजेना. त्यानं उभ्या उभ्याच एक फोडलं. आत लालभडक. मग मी एकवीस गेल्याचं सांगून टाकलं.

"नऊ ऱ्हायली न्हवं? लय झाली की," तो खातखात म्हणाला, आणि रस शर्टावर सांडला.

"आरं गाढवा, बसून खा की. डाग निघतोय व्हय त्यो?" आई कडाडली. मग माझ्याकडं वळली. "आन तू गं, बघत काय उभी ऱ्हायलीस? ताट आण त्याला."

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच माझ्यावर ओरडली. माझा जीव भांड्यात पडला.