चोरल नदीवरची रेशमी दोरी

मध्यभारत राज्य होतं तेव्हाची गोष्ट. माझं पोस्टिंग महूला होतं, सेनेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे तार-टेलिफोनच्या तुकडीत, हवालदार म्हणून. घर इंदूरला. वडील होळकर सरकारच्या दफ्तरात कारकून होते. तेरा मैलांवर घर असूनही महिन्यातून एकदाच जाता यायचं, कारण आमचे सुभेदार रजेच्या बाबतीत कडक होते.

सुभेदार दाभाडे. संस्थानी फौजेतून भारतीय सेनेत आलेले. उंची बेताची, आवाज हळू. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नाही. सकाळी पाच वाजता परेड ग्राउंडवर त्यांचे बूट माझ्या बुटांपेक्षा जास्त चमकत असत, एवढं सांगितलं तरी पुरे.

त्यांना एकच छंद होता. फ्लाय फिशिंग, म्हणजे खोट्या माशीनं मासे पकडणं. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज मेजरनं जाताना आपली रॉड त्यांना दिली होती. चिरलेल्या बांबूच्या सहा कामट्या एकमेकींना इतक्या नेमक्या चिकटवलेल्या, की सांधा बोटाला लागायचा नाही. दोरी अस्सल रेशमाची. नदीवरून आलं की ती पूर्ण उलगडून सावलीत वाळवायची आणि चरबीचा हलका हात द्यायचा. नाहीतर रेशीम कुजतं. लाइट मशीनगन साफ करावी तसं हे काम चालायचं. दर वेळी त्याच क्रमानं.

गळाला गांडूळ नाही, कणीक नाही. पिसांची खोटी माशी. कुकहाऊसच्या कोंबड्याची मानेवरची पिसं, मोराच्या गळून पडलेल्या पिसाचे दोन धागे आणि इंदूरच्या राजवाड्याच्या बाजारातून आणलेली चंदेरी जर. एवढ्यात ते दहा मिनिटांत माशी बांधत. चोरल नदीतला महासीर मासा, ज्याला तिकडचे लोक बाडस म्हणतात, तो या चमकणाऱ्या जरीला फसायचा.

मला त्यांनीच शिकवलं.

"कोपर बरगडीला. रॉड मागे घेतलीस की थांब."

"किती थांबू, साहेब?"

"दोरी मागे सरळ होईपर्यंत. ती आपलं काम करतेय, तिला करू दे. घाई केलीस तर चाबकासारखी वाजेल."

माझी दोन महिने वाजत होती. त्यांची दोरी हवेत वळण घेऊन जायची आणि माशी पाण्यावर अशी उतरायची, की तरंग उठायचा नाही.

त्यांचे नियम ठरलेले होते. पावसाळ्यात रॉड बाहेर काढायची नाही, कारण मासे अंडी घालायला वर चढतात. हुकाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाकायचा, म्हणजे सोडताना जबडा फाटत नाही. मासा हातात घेण्याआधी हात ओले करायचे. मोठी मादी सोडून द्यायची. दोन माणसांत एक मासा. कॅम्प उठवताना केबलचा तुकडाही मागे राहता कामा नये.

या नियमांची सर्वात जास्त चेष्टा नायक विष्णू कदम करायचा. हाही इंदूरचाच. वडील कापड गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम. सव्वीस वर्षांचा, पोहण्यात आमच्या कंपनीत पहिला.

"पकडायचा आणि सोडायचा? मग त्या बेचाऱ्याला परेशान कशाला करायचं, साहेब?" तो एकदा म्हणाला. "गनकॉटनच्या बारूदचा एक टुकडा टाका डोहात. सगळ्या सेक्शनची दावत."

"आणि पुढच्या वर्षी?" सुभेदारांनी विचारलं.

कदम हसला. "पुढच्या वर्षी माझी बदली झालेली असेल."

"नदीची होत नाही," सुभेदार म्हणाले आणि पुन्हा माशी बांधू लागले.

ऑक्टोबरमध्ये चोरलच्या काठी आमची लाइन एक्सरसाइज होती. पाणी उतरलं होतं, तळाचे गोटे दिसत होते. नदीच्या मध्यावर एक मोठा खडक होता. तिथं आधार देऊन टेलिफोनची केबल पलीकडे न्यायची होती. सकाळी सात चाळीसला कदम आणि लान्स नायक भागीरथ गुडघाभर पाण्यातून चालत खडकावर गेले. भागीरथ देपालपूरकडचा शेतकऱ्याचा मुलगा. खांबावर माकडासारखा चढायचा, पण पोहता येत नव्हतं.

मी काठावर वायरलेस सेटपाशी होतो. आमचं दुसरं ठाणं दोन मैल वर होतं. आमच्या सेटची खूण 'बेकर'. आठ वाजून चौदा मिनिटांनी हेडफोनमध्ये आवाज आला.

"हॅलो बेकर. हॅलो बेकर. नदी एकदम चढ रही है. पानी मटमैला. सबको बाहर निकालो. ओव्हर."

वर डोंगरात पाऊस झाला असावा. आमच्याकडे ऊन होतं.

"बेकर. समझ गया. आउट," एवढं बोलून मी सेट सोडला आणि धावलो. काठावर पोचलो तेव्हा पाण्याचा रंग बदलला होता. आधी पानं आली, मग काटक्या, मग पाणी आलं. पाच मिनिटांत नदी खडकाच्या कमरेपर्यंत चढली.

कदम एकटा असता तर तेव्हाच उडी मारून काठाला लागला असता. त्यानं एकदा पाण्याकडे आणि एकदा भागीरथकडे पाहिलं. मग भागीरथचा पट्टा आपल्या मुठीत धरला आणि तिथंच उभा राहिला.

आमच्याकडे जाड मनिला दोर होता. त्याला दगड बांधून आम्ही तीनदा फेकला. अंतर वीस यार्डांच्या आसपास. काठावर करंजाच्या फांद्या इतक्या खाली आलेल्या, की हात फिरवायला जागा नाही. भिजून दोर जड झाला. तिन्ही वेळा अर्ध्यातच पडला.

सुभेदार तंबूकडून आले. हातात जोडलेली रॉड.

"तंबूचा दोर माझ्या कमरेला बांधा," ते म्हणाले. "दोघं जण पकडा. मी फांद्यांच्या पुढे जातो."

"साहेब, प्रवाह..."

"हवालदार, केबल तयार ठेव. केबलच्या मागे मनिला दोर."

ते पाण्याखालच्या दगडी पायरीवर उतरले, छातीपर्यंत पाण्यात. माशीचा हुक पक्कडीनं तोडला आणि त्या जागी फील्ड ड्रेसिंगची पांढरी पट्टी बांधली, खडकावरच्या माणसांना दिसावी म्हणून. मग रॉड मागे घेतली. थांबले. पाणी अंगावर आदळत होतं, दोर धरणाऱ्या दोघांचे पाय घसरत होते, आणि हा माणूस दोरी मागे सरळ होण्याची वाट पाहत होता. मला ते आजही खरं वाटत नाही.

पहिला कास्ट कमी पडला. दुसरा वाऱ्यानं वर नेला. त्यांनी दोरी शांतपणे गोळा केली, रिळावरून आणखी चार हात सोडली. तिसऱ्या वेळी पट्टी भागीरथच्या खांद्यावर उतरली.

"पकड़ ली, साब! पकड़ ली!"

"धीरे खींचो. झटका मत देना," सुभेदार म्हणाले. आवाज नेहमीचाच.

त्यांनी रिळावरची सगळी दोरी मोकळी केली, तिच्या काठाकडच्या टोकाला मी केबल बांधली. रेशमी दोरीनं केबल नेली, केबलनं दोर नेला. कदमनं दोर खडकाच्या सुळक्याला आवळला. आमचं टोक झाडाला. मग त्यानं दोराचाच एक फास सरकता करून भागीरथच्या काखेत घातला आणि त्याला केबल बांधली, दोन्हीकडून ओढता येईल अशी. कदमनं त्याच्या पाठीवर थाप मारलेली मी पाहिली. काय बोलला ते पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. पुढं भागीरथनं सांगितलं: "जा भिया, आंख बंद कर ले."

आठ अठ्ठावन्नला भागीरथ काठावर आला. फास सोडवून आम्ही परत पाठवला. कदम तो केबलनं आपल्याकडे ओढत होता. पाणी त्याच्या छातीला लागलं होतं. फास निम्म्यात होता, तेव्हा वरून एक झाड आलं, मुळांसकट. ते खडकावर आदळलं आणि फिरलं.

झाड पुढे गेलं तेव्हा खडकावर कोणी नव्हतं.

सुभेदारांनी कमरेचा दोर सोडायला घेतला. आम्ही चौघांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. त्यांच्या अंगाला हात लावण्याची ती माझी एकच वेळ. मग आम्ही तीन मैल काठाकाठानं शोधलं. दुसऱ्या दिवशी अकरा वीसला कदमचा देह सापडला.

चौकशीत आमच्या कंपनीच्या मेजरसाहेबांनी सुभेदारांची तारीफ केली. सुभेदारांनी सावधान उभं राहून सांगितलं, "सर, माझ्याकडे दोन माणसं होती. मी एक आणलं." कदमनं काय केलं ते त्यांनी स्वतः बसून पानभर लिहून दिलं, मिनिटांसकट.

चार दिवसांनी ते, भागीरथ आणि मी इंदूरला कदमच्या घरी गेलो. राजवाड्यामागच्या गल्लीत दोन खोल्या. वडील गिरणीच्या पाळीवरून नुकतेच आले होते. कानावर अजून कापसाचे पुंजके होते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वतः उभे राहिले.

"साहेबजी, एक बात विचारू? त्याला तैरता तर येत होतं ना?"

"येत होतं," सुभेदार म्हणाले. "आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं."

"मग?"

सुभेदारांनी भागीरथच्या खांद्यावर हात ठेवला. "याला येत नव्हतं."

वडिलांनी भागीरथकडे पाहिलं. भागीरथची मान खाली. मग आत वळून त्यांनी हाक मारली, "अगं, ताटं घे. पोरं महूहून आलीत, उपाशी असतील."

आम्ही जेवलो. भागीरथ नुसता भात कालवत होता. कदमची आई त्याच्या शेजारी बसून राहिली, ताट संपेपर्यंत.

त्यानंतर माझी बारा पोस्टिंग झाली. शूर म्हणावीत अशी माणसं पुष्कळ पाहिली. पण कोणी विचारलं, की सर्वात पहिलं नाव कोणाचं, तर मी थांबत नाही. नायक विष्णू कदम, सिग्नल्स, राहणार इंदूर. पोहता येत असून तो थांबला.