दोन बारीक तारा

शिरूरच्या मार्केट यार्डाजवळच्या शेडमधील कांदे निवडण्याच्या यंत्राचा कंट्रोलर वायरमनने जाळला, ही सर्वत्र सांगितली जाणारी हकिकत मला मान्य नाही. ती त्या माणसावर अन्याय करते आणि माझा अपमान करते.

त्या कंट्रोलरला नेमके पाच व्होल्ट लागत. मी दिलेला पॉवर सप्लाय शेडच्या एका टोकाला होता, कंट्रोलर दुसऱ्या. मधल्या तारेत अर्धा व्होल्ट वाटेतच खर्च होई. म्हणून दौंडच्या माझ्या वर्कशॉपमध्ये मी सप्लायला दोन बारीक तारा जादा काढल्या. कंट्रोलरपाशी प्रत्यक्ष किती व्होल्ट पोहोचले, एवढेच या तारा सप्लायला कळवत; सप्लाय तूट भरून काढी.

पुढे वायरमनने कंट्रोलरचे पॅनेल आवरले. एकाच स्क्रूखाली दोन तारा दिसल्या की एक काढायची, ही त्याची शिस्त. जाड ठेवून त्याने बारीक काढल्या. पलीकडे काहीच पोहोचत नाही असे समजून सप्लाय व्होल्ट चढवत गेला. कंट्रोलर जळाला. शेडच्या मालकांनी वायरमनला काम देणे बंद केले.

माझ्या घरातही हेच सांगतात, की आबांचे बरोबर होते, गड्याने तारा उपटल्या. साफ खोटे. तार कधीतरी निघणार, हे गृहीत धरणे माझे काम होते. सप्लायच्या आतच प्रत्येक बारीक तार जाड तारेशी एका छोट्या रेझिस्टरने जोडली असती, तर सप्लायने स्वतःच्याच टोकावरचे व्होल्ट पाहून स्वतःला आवरले असते. रेझिस्टर मी विसरलो नव्हतो. गरज नाही असे ठरवले होते. माझी चूक दुसऱ्याच्या नावावर जाऊ देण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही.

हे मी मालकांना तीनदा सांगितले. तिन्ही वेळा त्यांनी चहा मागवला.

"आबा, तुमचं मन मोठं हाय. त्याला वाचवायला बोलताय तुम्ही."

अखेर रेझिस्टर घातलेला नवा सप्लाय मांडीवर घेऊन मी एसटीने शिरूरला गेलो, तो बसवला, कांदे चालू केले आणि वायरमनला बोलावून घेतले.

"परत ह्योच व्हय?" मालक म्हणाले.

"तारा यानेच काढायच्या."

"मी न्हाई हात लावणार, आबा," वायरमन म्हणाला. "एकदा झालं तेवढं बास."

"काढ."

त्याने काढल्या. कांद्यांचा पट्टा थांबला.

"बंद पडलं की, आबा."

"पडणारच. कमी व्होल्ट मिळाले. जळलं का, ते बघा."

मालकांनी कंट्रोलरला नाक लावून वास घेतला. वायरमनने तारा परत जोडल्या. कांदे पुढे सरकू लागले.

"उद्या ये," मालक वायरमनला म्हणाले. "दुसऱ्या शेडची मोटर बघायची हाय."

तो आता तिथे नियमित जातो. रेझिस्टरची युक्ती मला त्यानेच सुचवली, असे हल्ली शिरूरमध्ये सांगतात. हेही मला मान्य नाही.