अठरावी खाच

खंडेनवमीची पूजा झाल्यावर आजोबांची ठासणीची बंदूक पुसत होतो. दस्त्यावरच्या खाचांत कुंकू अडकलं होतं. प्रत्येक शिकारीमागे आजोबांनी एक खाच पाडलेली.

"पणजोबांनी अठरा जनावरं मारली," मुलगी ऐटीत सांगत होती. "मोजून बघ, मामा!"

"मी कशाला मोजू? हिशेबी माणूस घरात आहे की!" माझ्याकडे बघत मेहुणा हसला.

मी मान खाली घातली. आजोबांच्या खाचा सतराच. अठरावी, ते गेल्यावर, मी नऊ वर्षांचा असताना ब्लेडने कोरली होती; मित्रांपुढे मिरवायला. वडील जन्मभर अठरा सांगत राहिले आणि मी गप्प बसलो.

आज मात्र म्हणालो, "सतराच. शेवटची माझी, खोटी आहे."

मुलीने त्या खाचेवर बोट ठेवलं. "म्हणजे हे जनावर मेलंच नाही?" तिचा चेहरा खुलला.

इतकी वर्षं मला टोचत राहिलं ते न मेलेलं एक जनावर. जी खरोखर मेली, त्यांच्या खाचांना मी दरवर्षी कुंकू वाहिलं, आणि मनाला कधी काही लागलं नाही. काडी घेऊन ते कुंकू कोरून काढायला बसलो. अठरावी खाच लगेच स्वच्छ झाली. बाकीच्या खोल होत्या.